आत्याकडचे पापड

‘‘तू फक्त सोबत उभी राहजो, मास्तरीण. बोलायचं मी बघते,’’ असं आत्या म्हणाली आणि पहिल्याच दारात गप्प झाली.

दार शकूबाई फेगड्यांचं होतं. शकूबाई ओट्यावर बसून लसूण सोलत होत्या. आमच्या गल्लीत त्यांच्याइतकं तिखट कोणी बोलत नसे, आणि त्यांच्याइतकं दुसऱ्याच्या घरी कोणी राबतही नसे.

‘‘काय वं आत्या? पदर खोचून कोठी निघाली?’’

आत्यानं खोचलेला पदर सोडून पुन्हा खोचला. ‘‘उद्या पापड आहेत. सकाळी पोळपाट-लाटणं घेऊन येजो.’’

‘‘येते की. किती डाळ आहे?’’

‘‘चार किलो.’’

‘‘बस? चार किलो तर मी गप्पा मारता मारता लाटते.’’

‘‘म्हणूनच सांगते, गप्पा कमी मारजो.’’

‘‘आन या मास्तरणीले काहून घेतलं सोबत? हिच्या पापडाचा तर नकाशा होतो.’’

ते खरं होतं. मी कऱ्हाडची. माझ्या माहेरी पापड दुकानातून यायचे. लग्नानंतर यावलला आले तेव्हा लाटणं कुठल्या बोटांनी धरायचं इथपासून शिकावं लागलं. नवरा शाळेत मास्तर होता म्हणून मी मास्तरीण. खडू मी कधी हातात धरला नव्हता.

पुढच्या प्रत्येक दारात थोड्याफार फरकानं हेच बोलणं झालं. उद्या पापड आहेत, पोळपाट घेऊन या. येतो की. कुठं, असं कोणी विचारलं नाही. आत्यानंही सांगितलं नाही. मी शेजारीच उभी होते, पण काही राहून गेलं असं मला वाटलं नाही.

आमच्या गल्लीत पापड एकटीनं कोणी करत नसे. चैत्र लागला की आज एका घरी, उद्या दुसऱ्या घरी, अशी सगळी गल्ली फिरायची. जिच्याकडं पापड तिनं पहाटे उडदाचं पीठ कुटून ठेवायचं. बाकीच्यांनी आपापलं पोळपाट-लाटणं काखेत मारून जायचं आणि उन्हं डोक्यावर यायच्या आत पीठ संपवायचं. आदल्या संध्याकाळी दारोदार निरोप द्यायला कोणीतरी लागायचं. कित्येक वर्षं ते काम आत्याकडं होतं. ज्या घरचे पापड असतील त्या घरचं नाव ती सांगायची. नाव सांगितलं नाही तर ते तिच्या भावाचं घर, हे गल्लीला ठाऊक होतं.

तिचं नाव मनकर्णा. भिरूडांची लेक. लग्न होऊन गेली आणि चार-सहा महिन्यांतच, एकोणिसाव्या वर्षी, विधवा होऊन परत आली. आधी वडिलांच्या घरी राहिली, वडील गेल्यावर तेच घर भावाचं झालं, मिठारामअण्णांचं. गल्ली तिच्या माहेरची, म्हणून ती सगळ्यांची आत्या. तिच्याहून मोठ्या बायकाही तिला आत्याच म्हणायच्या आणि अगं-तुगं करायच्या. प्रत्येक घराचे पापड, प्रत्येक घरची बाळंतपणं, प्रत्येक घरच्या लग्नातलं दळण-कांडण तिच्या हाताखालून गेलं होतं.

त्या वर्षी होळीनंतर ती भावाच्या घरून निघाली आणि आमच्या शेजारची रिकामी खोली तिनं घेतली. एक ट्रंक, एक वळकटी, एक स्टोव्ह आणि चार भांडी. वडिलांनी तिच्या नावावर केळीच्या मळ्याचा एक तुकडा ठेवला होता, त्यावर तिचं भागणार होतं.

भांडण काही झालं नव्हतं. गल्लीनं ते शोधायची पुष्कळ खटपट केली. भावजयीनं काढली असेल, असं एकीचं मत. अण्णा काहीतरी लागट बोलले असतील, असं दुसरीचं. भावजय म्हणजे द्वारकाकाकू. त्यांनी तेव्हापासून संध्याकाळी ओट्यावर बसणं सोडलं. आत्याला कोणी विचारलं तर ती म्हणायची, ‘‘हवा चांगली आहे त्या खोलीत.’’ खोलीला एकच खिडकी होती आणि ती समोरच्या भिंतीवर उघडायची.

शेवटचं दार भावाचं होतं, आमच्यापासून चौथं. तिथं आत्या ओट्याची पायरी चढली नाही. खालूनच हाक मारली.

‘‘वहिनी.’’

द्वारकाकाकू उंबऱ्यात आल्या. गोऱ्या, ठेंगण्या, कपाळभर कुंकू. आत्या परत आली त्याच्या पुढच्याच वर्षी त्या लग्न होऊन या घरात आल्या होत्या. म्हणजे दोघींचा संसार एकाच चुलीवर सुरू झाला होता.

‘‘उद्या पापड आहेत,’’ आत्या म्हणाली.

‘‘ऐकलं. गल्लीभर आवाज आला.’’

‘‘येजो.’’

‘‘मले नाही जमायचं, बाई. केळीवर माणसं आहेत, त्यांच्या भाकरी आहेत.’’ मग माझ्याकडं बघून म्हणाल्या, ‘‘मास्तरीण, हिच्या स्टोव्हची पिन नीट आहे का बघत जा. हिले दिसत नाही आन सांगतही नाही.’’

‘‘मले दिसतं,’’ आत्या म्हणाली.

‘‘हो, सगळं दिसतं तुले. आमीच आंधळे.’’ आणि त्या आत गेल्या.

परत येताना आत्या झपाझप चालली. खोलीच्या दारात मात्र थांबली. खोली तिनं दुपारीच सारवून घेतली होती. माझ्या दोन सतरंज्या आत पसरल्या होत्या, पापड वाळवायला बाज आडवी करून तिच्यावर जुनं धोतर अंथरलं होतं.

‘‘उद्या गल्ली या दारात आली तर हे माझं घर,’’ ती म्हणाली. ‘‘नाही आली तर म्हातारपणी चार दिवस हौस केली म्हणायचं, वळकटी उचलायची आन भावाच्या ओसरीवर जाऊन पडायचं. मग मले कोणी उठवू नये तिथून.’’

‘‘येतील की आत्या. सगळ्या हो म्हणाल्यात.’’

‘‘हो म्हणायले काय लागतं?’’

सकाळी मी उठले तेव्हा मुसळाचा आवाज सुरू झाला होता. पापडाचं पीठ दगडासारखं घट्ट भिजवतात आणि तेलाचा हात लावत मऊ होईपर्यंत कुटतात. हे काम तरण्या बाईचं. मी चार घाव घातले की माझे खांदे भरून यायचे. आत्या मात्र बोलता बोलता कुटत होती.

‘‘दम धर, दम धर. मुसळ पडू दे, आपटू नको. तुमच्या कऱ्हाडले काय कुटतात मग?’’

‘‘शेंगदाणे.’’

‘‘तेच म्हटलं.’’

पीठ झालं. तिनं त्याच्या लांब वळ्या केल्या, पायाच्या अंगठ्यात दोरा अडकवून त्यांच्या सारख्या लाट्या कापल्या, तेलात घोळवल्या आणि ओल्या फडक्याखाली झाकून ठेवल्या. मग आम्ही दोघी दाराकडं तोंड करून बसलो.

कोणी आलं नाही.

दूधवाला गेला. ऊन समोरच्या भिंतीवरून खाली उतरून गल्लीत आलं. आत्यानं फडकं पुन्हा भिजवलं. थोड्या वेळानं पुन्हा. एक लाटी बोटांनी दाबून बघितली आणि परत फडक्याखाली ठेवली. पापडाचं पीठ ताटकळत ठेवता येत नाही. वर पापुद्रा धरला की लाटताना कडा फाटतात, आणि मग ते जनावरापुढं टाकण्याच्या लायकीचं राहतं.

‘‘आपण दोघी सुरू करू या का?’’ मी विचारलं.

‘‘नको.’’

‘‘थोडे तरी होतील.’’

‘‘पापडासाठी नाही बोलावलं मी त्यांले,’’ आत्या म्हणाली. आवाज चढला नव्हता. ‘‘मले एकटीले किती पापड लागतात? वर्षाले शंभर नाही लागत.’’

मी उठले आणि पायात चपला सरकवल्या.

‘‘कोठी निघाली? बोलवायले जाऊ नको. एकदा सांगितलं ते सांगितलं.’’

‘‘बोलवायला नाही. बघून येते.’’

शकूबाईंच्या दाराला बाहेरून कडी होती. त्यांच्या शेजारीही कडी. अख्ख्या गल्लीत बाई दिसेना. आणि मग भिरूडांच्या घरातून हसण्याचा मोठा आवाज आला.

आत गेले तर सगळी गल्ली तिथं होती. ओसरीवर दोन रांगा करून बायका बसलेल्या, प्रत्येकीच्या मांडीसमोर पोळपाट, हातात कपबशी. शकूबाई मधोमध. पिठाचा पत्ता नव्हता.

‘‘ये मास्तरीण, ये,’’ शकूबाई म्हणाल्या. ‘‘तुझीच वाट बघत होतो. नकाशे कोण काढणार?’’ मग परसदाराकडं तोंड करून ओरडल्या, ‘‘आत्या! पीठ आण वं! चहा पिऊन पिऊन पोटात डबकं झालं!’’

तेव्हा माझ्या लक्षात आलं. आत्यानं घराचं नाव सांगितलं नव्हतं, आणि गल्ली नेहमीसारखी तिच्या भावाच्या घरी येऊन बसली होती. आत्या मागच्या अंगणात पीठ कुटत असेल, असं त्यांना वाटत होतं.

‘‘बरं झालं पण,’’ शकूबाई शेजारणीला सांगत होत्या. ‘‘मिटलं यांचं. पापडाच्या निमित्तानं आली ना घरी. मी म्हटलंच होतं, ती कोठी जाते आपली दिशा सोडून.’’

मी सरळ स्वयंपाकघरात गेले. द्वारकाकाकू चुलीपुढं बसल्या होत्या. पातेल्यात चहाचं दुसरं आधण उकळत होतं. भाकरी झाल्या नव्हत्या. परात कोरडी होती.

‘‘काकू, पापड इथं नाहीत. आत्यानं तिच्याकडं बोलावलं होतं. तुम्हाला माहीत होतं.’’

‘‘माहीत होतं.’’

‘‘मग सांगितलं नाही?’’

त्यांनी लाकूड पुढं सरकवलं. ‘‘काय सांगू? माझी नणंद इथं राहत नाही, असं सांगू? इतक्या बायांपुढं? सगळ्या हसतमुखानं आल्या, म्हणाल्या, द्वारका, मिटलं तुमचं, बरं झालं. त्यांले माझ्या तोंडानं म्हणू, की नाही बायांनो, नाही मिटलं? आन काय मिटायचं होतं तेही मले माहीत नाही?’’

काकूंनी फुंकणी उचलून चूल फुंकली.

‘‘मी काय कमी केलं तिले, मास्तरीण? सांग. पहिली भाकर तिले वाढली. माझी पोरं तिच्या मांडीवर वाढली. लोक विचारतात तुझ्या नणंदेनं घर काहून सोडलं, आन मी खाली बघते. चोरी केल्यासारखी.’’ त्यांनी डोळ्याला पदर लावला. धूर झाला होता, तेवढं कारण पुरलं. ‘‘मले वाटलं, सगळ्या इथंच बसल्या म्हटल्यावर येईल ती. पीठ घेऊन इथंच येईल. आली की मी काही विचारणार नव्हते. जागा करून दिली असती बसायले, बस.’’

‘‘ती येणार आहे,’’ मी म्हणाले.

त्यांनी वर बघितलं.

‘‘गल्ली तिच्या दारात आली नाही तर आज संध्याकाळी वळकटी घेऊन ती परत येणार आहे. तुमच्या ओसरीवर. काल मला म्हणाली. मग मला कोणी तिथून उठवू नये, म्हणाली.’’

हे सांगताना मला कल्पना होती की मी त्यांच्या हातात काय देते आहे. त्यांना काहीच करायचं नव्हतं. चहाचं आधण पुन्हा एकदा ठेवायचं, बायकांना अजून थोडा वेळ बसवून ठेवायचं, पीठ वाळू द्यायचं. संध्याकाळपर्यंत नणंद घरात, आणि गल्लीची तोंडं बंद.

बाहेरून शकूबाईंची हाक आली, ‘‘द्वारका! डाळ पेरली का आत्ता?’’ पुन्हा हसण्याचा आवाज.

‘‘काय करते ती?’’ काकूंनी हळू विचारलं.

‘‘फडकं भिजवते. सारखं.’’

‘‘पापडखार किती टाकला?’’

‘‘मला नाही कळत.’’

‘‘तो दर वर्षी मीच टाकते. तिचा अंदाज चुकतो.’’ चहा उतू गेला. चूल फसफसली. काकूंनी पातेलं उतरवलं नाही. उठल्या, भिंतीच्या खुंटीला अडकवलेलं पोळपाट काढलं, फडताळातून लाटणं घेतलं आणि ओसरीवर जाऊन उभ्या राहिल्या.

‘‘उठा,’’ त्या म्हणाल्या. ‘‘चुकीच्या घरी बसल्या तुमी.’’

बायका बघत राहिल्या.

‘‘पापड माझ्या नणंदेच्या घरी आहेत. केव्हाची पीठ झाकून बसली ती. उठा म्हटलं ना.’’

शकूबाईंनी कपबशी खाली ठेवली. त्यांना दोन क्षण लागले. मग त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि म्हणाल्या, ‘‘मग आधी काहून नाही सांगितलं वं? फुकटचा चहा गेला पोटात.’’

द्वारकाकाकू पुढं झाल्या, आम्ही सगळ्या मागं. काखेत पोळपाट, हातात लाटणं, अशी ती वरात गल्लीतून निघाली तेव्हा न्हाव्याच्या दुकानातली माणसं अर्धी दाढी करून बाहेर बघायला आली.

आत्या मी सोडून गेले तशीच बसली होती. तिनं आधी सगळ्या बायका बघितल्या. मग सगळ्यांच्या पुढं उभी असलेली भावजय बघितली. ती रडेल असं मला वाटलं होतं.

‘‘ही वेळ आहे यायची?’’ आत्या कडाडली. ‘‘पीठ दगड झालं माझं!’’

‘‘तुझं घर सापडेना आत्या,’’ शकूबाई म्हणाल्या. ‘‘इतकं मोठं घर घेतलं, पाटी तर लावायची.’’

‘‘घर लहानच आहे. तुमी मोठ्या आहे. सरका, सरकून बसा.’’

खोलीत निम्म्याही मावल्या नाहीत. काही माझ्या ओट्यावर बसल्या, काही गल्लीतच सावलीत. द्वारकाकाकू दाराशी बसल्या, अर्ध्या आत, अर्ध्या बाहेर. पहिली लाटी त्यांनी उचलली, चिमूटभर तोडून जिभेवर ठेवली.

‘‘खार कमी आहे.’’

‘‘तू नव्हती,’’ आत्या म्हणाली.

काकूंनी लाटी पोळपाटावर ठेवली. लाटू लागल्या. पुष्कळ वेळ दोघींमध्ये ‘‘तेल दे’’ आणि ‘‘घे’’ एवढंच चाललं. पण लाट्या काकूंच्या पुढ्यातल्या संपल्या की आत्या न सांगता सरकवत होती.

पीठ वाचलं. कडा थोड्या फाटल्या. शकूबाईंनी जाहीर करून टाकलं की फाटलेले सगळे मास्तरणीचे आहेत. कोणीतरी धीर करून आत्याला विचारलंच, ‘‘आत्या, खरं सांग, तू काहून निघाली वं घरून?’’

‘‘लाट, लाट. लाटणं चालू दे, तोंड राहू दे.’’

मग बोलणं आखाजीवर गेलं. आखाजी म्हणजे अक्षय तृतीया. खानदेशात हा लेकींचा सण. सासरी गेलेल्या मुली आखाजीला माहेरी येतात. त्या आपल्या आपण येत नाहीत. भाऊ नाहीतर भाचा त्यांना आणायला जातो. त्याला मुराळी म्हणतात. शकूबाईंचा मुलगा परवा बऱ्हाणपूरला बहिणीला आणायला निघणार होता, आणि त्याला कोणता शर्ट द्यावा यावर गल्लीचं एकमत होत नव्हतं.

‘‘मुराळी घरी आला की त्याले आधी काय देतात?’’ आत्यानं विचारलं. ती पापड उचलून बाजेवर टाकत होती, आमच्याकडं पाठ होती. ‘‘गूळपाणी का चहा?’’

‘‘घ्या! आत्याले माहीत नाही!’’ शकूबाई हसल्या. ‘‘अगं, या गल्लीतून किती मुराळी रवाना केले तू. दशम्या बांधून दिल्या.’’

‘‘रवाना करायचं माहीत आहे. मी इकडची. तो तिकडं पोचल्यावर बहीण काय करते, ते मले काय ठाऊक?’’

सगळ्या हसल्या. कोणी गूळपाणी म्हटलं, कोणी म्हटलं आता चहाच. द्वारकाकाकूंचं लाटणं तेवढं थांबलं. पापड अर्धा लाटलेला होता. त्या आत्याच्या पाठीकडं बघत होत्या. मग त्यांनी तो पापड पुरा केला आणि दुसरी लाटी घेतली.

आखाजीच्या आदल्या दिवशी सकाळपासून गल्लीत टांगे यायला लागले. एकेक लेक उतरायची, तिच्या पाठोपाठ भाऊ ट्रंक घेऊन. कडुनिंबाला झोके बांधले गेले होते. मी ओट्यावर तांदूळ निवडत होते. आत्या तिच्या दारात बसून येणाऱ्या प्रत्येकीला हाक मारत होती. ‘‘आली का वं? वाळली किती! सासूनं खायले घातलं नाही का?’’

तेवढ्यात मिठारामअण्णा त्यांच्या घरातून बाहेर पडले. कडक इस्त्रीचं धोतर, कोट, डोक्यावर नवी टोपी. त्या उन्हात कोट. मला वाटलं, बाहेरगावी निघाले. अण्णा मुळात कमी बोलणारा माणूस. आत्या खोलीत राहायला आल्यापासून ते आमच्या बाजूनं गेले तरी मान खाली घालून जायचे.

ते आले आणि आत्याच्या दारासमोर उभे राहिले. एकदा खाकरले.

‘‘मना,’’ अण्णा म्हणाले, ‘‘आखाजीले न्यायले आलो तुले.’’

आत्या उठली. तिचा हात चौकटीवर होता, तो तिनं काढला नाही.

‘‘कोणी धाडलं? वहिनीनं?’’

‘‘तिनं सांगितलं. पण आलो मी.’’ अण्णांनी टोपी काढून पुन्हा घातली. ‘‘निघायचं ना?’’

‘‘असं उभ्या उभ्या निघतात का?’’ आत्या म्हणाली. ‘‘आत या. पाय धुवा. उन्हातून आले.’’

जन्मभर ज्या भावाला ती अरे म्हणत आली, त्याला त्या दिवशी तिनं अहो-जाहो केलं, जसं पाहुण्याला करतात. तिनं पायांवर पाणी घातलं. बाजेवर बसवलं. गुळाचा खडा आणि पाण्याचा तांब्या पुढं ठेवला. मग मला हाक मारली.

‘‘मास्तरीण, तुझ्या चुलीत निखारा आहे का? माझ्या घरी पाहुणा आला.’’

मी निखारे नेऊन दिले. तिनं त्यावर पापड भाजले, एकेक, सगळीकडून सारखे, आणि ताटलीत भावापुढं ठेवले. अण्णा खाली मान घालून खात होते. मी निघाले तर तिनं हात धरून मला बाहेर ओट्यापर्यंत नेलं.

‘‘गल्लीतल्या सगळ्या पोरी येतात आखाजीले,’’ ती हळू आवाजात म्हणाली. ‘‘माझ्या बरोबरीच्या यायच्या. मग त्यांच्या पोरी यायच्या. मी दार उघडायची, मी पाणी द्यायची. मले आणायले कोणी आलं नाही कधी. कोणाची चूक नाही त्यात. येणार कोठून? मी तर तिथंच होते ना.’’

आतून अण्णांचा आवाज आला. ‘‘मना, खार कमी आहे.’’

‘‘गुपचूप खा,’’ आत्या म्हणाली, आणि पाहुणचार तेवढ्यावर संपला.

तिनं ट्रंकेतलं एक चांगलं लुगडं नेसलं, दोन लुगडी पिशवीत भरली, खोलीला कुलूप लावून किल्ली माझ्याकडं दिली. पिशवी अण्णांनी घेतली. ती देत नव्हती. त्यांनी ओढून घेतली. मग ती दोघं निघाली, पुढं भाऊ, मागं बहीण. अंतर तीन दारांचं होतं. त्यांनी ते सावकाश कापलं. ओट्याओट्यावर आलेल्या लेकी बसल्या होत्या, आणि शकूबाई उभ्याच होत्या.

‘‘आली का वं आत्या?’’ शकूबाईंनी विचारलं. ‘‘कधी निघाली होती?’’

‘‘आत्ताच येते,’’ आत्या म्हणाली. ‘‘रस्त्यानं ऊन फार.’’

द्वारकाकाकू उंबऱ्यात भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या होत्या. माहेरी आलेल्या लेकीवरून ओवाळून टाकतात तसा त्यांनी तो तुकडा आत्यावरून ओवाळून टाकला, तिच्या डोळ्यांना पाणी लावलं. दोघी एकमेकींकडं बघत उभ्या राहिल्या.

‘‘किती दिवसांची आली?’’ काकूंनी विचारलं.

‘‘फार नाही राहता यायचं, वहिनी. तिकडं कैऱ्या आणून ठेवल्या. लोणचं राहिलं माझं.’’

तिकडं म्हणजे तीन दारांपलीकडची ती खोली. काकूंच्या उंबऱ्यातून तिचं कुलूप दिसत होतं. पण त्यांनी तिकडं बघितलंही नाही.

‘‘इतक्या लांबून आली,’’ द्वारकाकाकू म्हणाल्या, ‘‘चार दिवस राहा तरी.’’